लोकल सुधारायला नेमकं अडतंय कुठे?

शिल्पा डोंबिवली

९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडून अपघात झाला, तेव्हापासून सगळीकडे एकच मागणी ऐकू येतेय: लोकलला बंद होणारी दारं लावा. रेल्वेनंही लगेच जाहीर केलं की यापुढच्या नव्या गाड्या स्वयंचलित दारांच्याच येतील. एसी नसलेल्या गाड्यांना झडपांची दारं, छतावरून हवा खेळवणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट असेल.

दारं मलाही हवीत. मुंबईच्या रुळांवर दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात, हे आपण इतकं अंगवळणी पाडून घेतलंय की पेपरात ती बातमीही आतल्या पानावर असते. पण दारात लटकणारा माणूस हौसेनं लटकत नाही. त्याला आत पाय ठेवायला जागा नसते आणि नऊ-साडेनऊला कामावर पोचायचं असतं. दार बंद झालं तर तो फलाटावर राहील. पुढच्या दोन मिनिटांत दुसरी गाडी येणार असेल तर थांबेलही. नसेल तर तो ते दार बंदच होऊ देणार नाही.

गाड्या का वाढत नाहीत, तर रूळ नाहीत. मध्य रेल्वे रोज साधारण १,८१० फेऱ्या चालवते. कल्याण ते कुर्ला सहा मार्गिका आहेत, पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत चारच. मेल-एक्सप्रेस आणि फास्ट लोकल तिथे एकाच रुळावर येतात. ही पाचवी-सहावी मार्गिका २००८ सालच्या एमयूटीपी-२मध्ये (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा दुसरा टप्पा) मंजूर झालेली आहे.

तर तुम्हा सगळ्यांना विचारायचंय: तुमच्या मते खरी अडचण कोणती? पैसा, जागा, सरकारी यंत्रणा, की प्रवासी म्हणून आपण? आपापल्या पट्ट्यातला अनुभव लिहा.

---

चौथी सीट

तीन जणांच्या बाकावर चार जण बसवायची युक्ती आपण शोधली. तसाच चार मार्गिकांत सहावा रूळ बसवता आला असता तर आम्ही डोंबिवलीकरांनीच बसवून दिला असता. 😀 धागा उत्तम, वाचतोय.

---

सिग्नलवाले काका

शिल्पाताई, तुमचं बरोबर आहे, पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगतो. माझी सगळी नोकरी सिग्नल खात्यात गेली.

लोकल सुधारणं कठीण, कारण ती थांबवून सुधारता येत नाही. शेवटची कर्जत-कसारा गाडी गेली की पहाटेची पहिली सुटेपर्यंत हातात जेमतेम अडीच-तीन तास. त्यात ओव्हरहेड वायरचा पुरवठा बंद करायचा, त्याचा कागद घ्यायचा, माणसं आणि टॉवर वॅगन जागेवर न्यायची, काम करायचं, सगळं तपासून पुरवठा पुन्हा चालू करायचा. प्रत्यक्ष कामाला किती मिनिटं उरली ते तुम्हीच ठरवा. मोठं काम असेल तर रविवारचा मेगाब्लॉक. तोही घेतला की प्रवाशांचा संताप, आणि तो चुकीचा नाही, कारण रविवारीही लोकांना कामं असतात.

उदाहरण द्यायचं तर विजेचं देतो. १९२५ साली इथे १,५०० व्होल्ट डीसीवर गाड्या सुरू झाल्या. त्या २५,००० व्होल्ट एसीवर, म्हणजे प्रत्यावर्ती विजेवर, न्यायचं ठरलं. पश्चिम रेल्वेचं काम २०१२मध्ये संपलं, मध्यच्या मुख्य मार्गाचं २०१५मध्ये आणि हार्बरचं एप्रिल २०१६मध्ये. मधल्या काळात दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या वापराव्या लागल्या. आणि सगळ्यात जास्त नडले ते पूल. २५,००० व्होल्टच्या तारेला वरच्या पुलापासून जास्त मोकळं अंतर लागतं. सीएसएमटी ते कुर्ला पट्ट्यातले पूल ब्रिटिशांच्या काळातले, बुटके. कुठे पूल वर घ्यायचा, कुठे रूळ खाली. रूळ खाली घेतला की पावसाचं पाणी तिथेच साचणार. म्हणजे एक अडचण सोडवताना दुसरी तयार होते.

पहिली वातानुकूलित लोकल २०१६मध्ये कुर्ला कारशेडमध्ये आली होती, म्हणजे ती मध्य रेल्वेवर धावणार होती. तिची उंची या पुलांखालून बसेना, म्हणून ती पश्चिमेला गेली आणि २५ डिसेंबर २०१७ला तिथे धावली. गाडी दारात येऊन उभी होती, पुलांमुळे परत पाठवावी लागली. आमच्या खात्यात त्याची हळहळ बराच काळ होती.

---

गिरणगावकर

काकांचा प्रतिसाद फार आवडला. पुलांचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो.

पूल रुळांवर असतो तेवढा रेल्वेचा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी जोडणारा रस्ता महापालिकेचा. यातच वर्षं जातात. हँकॉक पूल जानेवारी २०१६मध्ये पाडला, त्यावरून पुन्हा वाहनं जायला २०२२ उजाडलं. कर्नाक पूल २०२२च्या नोव्हेंबरात मोठा ब्लॉक घेऊन पाडला, नवा २०२५मध्ये खुला झाला. शीवचा १९१२चा पूल १ ऑगस्ट २०२४पासून वाहनांना बंद केला, आणि तो काढून लांब केल्याशिवाय शिल्पाताईंची पाचवी-सहावी मार्गिका पुढे सरकत नाही. अंधेरीचा गोखले पूल २०२४मध्ये अर्धा उघडला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळत नव्हती. दोन यंत्रणांनी एकाच ठिकाणी बांधलेली गोष्ट एकमेकींना भेटत नाही, याला तांत्रिक अडचण कसं म्हणणार?

आणि एल्फिन्स्टन रोडचा जिना. २९ सप्टेंबर २०१७ला तिथे चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पादचारी पूल उभा राहिला. म्हणजे ठरवलं की होतं. ठरवायला २३ जीव जावे लागले, हे मला आजही पचत नाही. माझा रोजचा रस्ता तोच होता.

---

नेहा अंबरनाथ

"प्रवासी म्हणून आपण" हा पर्याय प्रश्नात का आहे? आम्ही काय अडवलंय?

---

अमित कळवा

नेहा, कदाचित ऑगस्ट २०२२च्या आंदोलनाबद्दल असेल. मी तेव्हा कळव्यात होतो, म्हणून सांगतो.

बाहेरून असं दिसलं की लोकांनी एसी लोकलला विरोध केला. तसं नव्हतं. एसी गाडी जादा आली असती तर कुणी रुळावर उतरलं नसतं. साध्या गाडीच्या वेळेत एसी गाडी आणली गेली. कळवा कारशेडमधून निघणाऱ्या गाडीत ज्यांना जागा मिळायची त्यांच्यासमोरून ती गाडी बंद दारांनी जायला लागली. बदलापूरलाही तेच झालं. शेवटी मध्य रेल्वेनं नव्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या.

एकेरी तिकिटाचे दर मे २०२२मध्ये निम्मे झाले, चांगलंच झालं. पण रोजचा माणूस पासावर जातो. साधा सेकंड क्लासचा पास आणि एसीचा पास यातलं अंतर घरखर्चात दिसतं. ज्याचा पगार पंधरा-अठरा हजार आहे त्याला आधुनिक गाडी म्हणजे हातातून गेलेली गाडी वाटली तर दोष त्याचा नाही.

---

नेहा अंबरनाथ

अमित, हेच लिहायचं होतं. भर घालते: सकाळी लेडीज डब्यात दहा-दहा जणी दाराला असतात. एक गाडी रद्द झाली तर पुढच्या गाडीत दुप्पट. एसी गाडीचं दार एका ओढणीनं, एका पिशवीनं अडतं आणि सगळी गाडी थांबते. मागच्या चार गाड्या खोळंबतात. दारं आणायची तर फेऱ्या आधी वाढवा, निदान त्याच वेळी वाढवा. नाहीतर पहिला फटका आम्हालाच.

---

हिशेबनीस

कटू वाटेल, पण पैशाबद्दल कुणीच बोलत नाहीये.

लोकलचं भाडं जगातल्या सर्वांत स्वस्त भाड्यांपैकी आहे. २०१४च्या जूनमध्ये पास १५ ऐवजी ३० एकेरी भाड्यांच्या हिशेबानं करायचं ठरलं होतं. महाराष्ट्रातल्या खासदारांनी दिल्ली गाठली आणि काही दिवसांत ते मागे घेतलं गेलं. त्यानंतर कुणी हात लावला नाही. मग नव्या गाड्या कशातून येणार? एमयूटीपी-३ आणि ३-अ मिळून २३८ एसी गाड्या घ्यायच्या ठरल्यात. एमयूटीपी-३-अचा खर्चच ३३ हजार कोटींच्या पुढे. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. एका बाजूचा हप्ता अडला की दुसरी बाजू थांबते.

थोडी थोडी भाडेवाढ दरवर्षी झाली असती तर आज कुणाला जाणवलीही नसती.

---

अमित कळवा

हिशेबनीस, भाडेवाढीला माझा सरसकट विरोध नाही. पण २००८ला मंजूर झालेली मार्गिका भाडं कमी म्हणून अडली का? ती जागेवर अडली आहे. पैसे मंजूर असून खर्च होत नाहीत, अशी कामं याच धाग्यात मोजा.

---

रुळालगतचा

जागेचं म्हणताय म्हणून लिहितोय, एरवी मी फक्त वाचतो.

माझं लहानपण हार्बरच्या रुळालगतच्या झोपडीत गेलं. गाडी जाताना भांडी हलायची. एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यात रुळालगतची पंधरा हजारांहून जास्त कुटुंबं हलवली गेली. वस्तीतल्या बायकांनी स्वतः घरोघर जाऊन याद्या केल्या, कोण किती वर्षं राहतंय ते लिहून काढलं. माझी आई त्यात होती. त्यामुळे आमच्या वस्तीत कुणाला पोलीस लावून काढावं लागलं नाही. रुळांच्या बाजूची मोकळी पट्टी मिळाली आणि गाड्यांचा वेग वाढला. "अतिक्रमणांमुळे प्रकल्प रखडला" असं वाचतो तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं, की घर दिलं तर माणूस हलतो. आम्ही हललो.

पण कुठे हललो? मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, वाशी नाका. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या मजल्यांवर ऊन येत नाही. क्षयरोगाचे रुग्ण तिथे जास्त आहेत हे डॉक्टरांनी वेळोवेळी दाखवून दिलंय. आईचं काम सुटलं, कारण नव्या घरापासून ती घरकामाला जायची ती घरं लांब पडली. हे सगळं बघितलेली माणसं आता कळवा-ऐरोली उन्नत मार्गासाठी किंवा धारावीजवळच्या पट्ट्यासाठी लगेच उठून जातील, असं धरून चालू नका. दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं, पण ज्या मार्गासाठी ते बांधलं त्याचा कळव्याकडचा भाग हजारभर घरांपाशी थांबलाय. त्या लोकांना जवळपास चांगली घरं द्या. माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला हाच खर्च आधी करायला हवा.

---

शिल्पा डोंबिवली

रुळालगतचा, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. पुनर्वसन म्हणजे कामाच्या आधी उरकायची कटकट, असंच सगळ्या अहवालांत येतं. तुमच्या आईंबद्दल आणखी लिहाल का? वेगळा धागा काढलात तरी चालेल.

---

पालघरकर

आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. विरारपुढे डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ साली. रूळ दोनच. त्याच रुळांवरून गुजरातकडच्या सगळ्या मेल, मालगाड्या. राजधानी यायची असली की लोकल बाजूला. विरार-डहाणू चौपदरीकरण ६४ किलोमीटरचं, डिसेंबर २०१६ला मंजूर. वाटेत खाड्या, तिवरं. तिवरं तोडायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते.

इथे माझं मन दोन्हीकडे ओढतं. मला लोकल हवी. पण वैतरणेच्या खाडीकाठी वाढलोय, तिवरं गेली की पाणी कुठे शिरतं ते मला माहीत आहे. न्यायालयानं विचारपूस केली तर बरंच आहे. ती विचारपूस आराखडा करतानाच केली असती तर पुढची वर्षं वाचली असती, एवढंच म्हणणं.

---

सनीवेलचा समीर

मी सध्या कॅलिफोर्नियात, कॅल्ट्रेननं कामावर जातो. (डब्यात मराठी कानावर पडतं, चौथी सीट मात्र कुणी मागत नाही. 😀) सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे, सुमारे ८० किलोमीटर, इतकी वर्षं डिझेलवर होती. विजेच्या कामाला २०१७मध्ये सुरुवात झाली आणि पूर्ण सेवा सप्टेंबर २०२४मध्ये. खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला.

तिथेही अडथळे हेच. वाटेतल्या अॅथर्टन या श्रीमंत गावानं झाडं आणि खांबांवरून कोर्ट गाठलं. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि २०१७च्या सुरुवातीला मंजूर निधी काही महिने अडवून ठेवला. शिवाय सॅन होजेच्या पुढे गिलरॉयपर्यंतचे रूळ युनियन पॅसिफिक या मालवाहू कंपनीच्या मालकीचे, तिथे तारा नाहीत, म्हणून त्या गावांना अजूनही डिझेलचीच गाडी बदलून मिळते.

---

चौथी सीट

समीर, माहिती छान. पण तिथे शनिवार-रविवार गाडी बंद ठेवून काम केलं असेल ना? इथे एक दिवस बंद ठेवली तर अख्खं शहर दाराशी येऊन उभं राहील.

---

सनीवेलचा समीर

हो, बऱ्याच शनिवार-रविवारी बंद ठेवून बस दिल्या. गर्दीची तुलना होणारच नाही, मान्य. मी सांगत होतो ते रुळांच्या मालकीचं आणि निधीच्या खेळाचं. पैसा ज्याच्या हातात, तो बसतो भलतीकडेच, हे दोन्हीकडे सारखं.

---

मावळातला

पुणे-लोणावळा लोकलबद्दल दोन ओळी. १९७८ला सुरू झाली. दोनच रूळ, त्यावर मुंबई-पुण्याच्या सगळ्या गाड्या. दुपारी बराच वेळ लोकल नसते, कॉलेजच्या पोरांचे हाल. तिसरी-चौथी मार्गिका इतकी वर्षं कागदावरच. पुणे-दौंड मार्गावर वीज येऊनही डेमू, म्हणजे डिझेलची गाडी, पळते. तुमच्याकडे १,८१० फेऱ्या कमी पडतात. आम्हाला तासाला एक मिळाली तरी पेढे वाटू.

---

सिग्नलवाले काका

दोन-तीन जणांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं की रूळ न वाढवता नुसती सिग्नल यंत्रणा सुधारून गाड्या वाढतील का. इथेच लिहितो.

वाढतील, पण मर्यादेत. आज गाड्या साधारण तीन मिनिटांच्या अंतरानं सोडता येतात. एमयूटीपी-३-अमध्ये सीबीटीसी (गाड्यांचं अंतर रेडिओ संदेशांवरून ठरवणारी यंत्रणा) होतं, आता कवच या रेल्वेच्या स्वतःच्या सुरक्षा यंत्रणेची पुढची आवृत्ती आणायचं चाललंय, म्हणजे हे अंतर आणखी खाली येईल. हार्बरवर हे तुलनेनं सोपं, कारण तिथे मेल गाड्या नाहीत, सगळ्या गाड्या एकसारख्या. मुख्य मार्गावर फास्टच्या रुळावर देशभरातून येणारी इंजिनं. त्यातल्या एका इंजिनात यंत्रणा नसली की त्याच्यासाठी जुनं अंतर ठेवावं लागणार.

दुसरं, नव्या गाड्यांची उपकरणं डब्याच्या तळाशी बसवली की प्रवाशांना जागा जास्त मिळते. पण कुर्ला-शीव पट्ट्यात पाणी रुळावर चढलं की तीच उपकरणं आधी सापडतात. म्हणजे गाडी घ्यायच्या आधी नाला. मिठीचं आणि नाल्यांचं काम रेल्वेकडे नाही, हे गिरणगावकरांनी पुलांबद्दल सांगितलं तसंच.

तिसरं, दिवा स्टेशनचं फाटक.

---

दिवेकर

काका, बरं झालं तुम्हीच नाव काढलंत!! कल्याण-ठाण्याच्या मधोमध रुळांवर फाटक. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी ते उघडलं की दोन्हीकडच्या गाड्या थांबणार, नाही उघडलं तर लोक खालून वाकून जाणार. ज्यानं ते उघडलं तोही दोषी नाही, ज्यानं ओलांडलं तोही नाही. पूल झाला तर फाटक जाईल, पण पुलाच्या पोचरस्त्यात घरं येतात, आणि त्या घरांचं काय हे ठरत नाही. जागोजागी कोट्यवधींच्या यंत्रणा लावायच्या आणि मध्ये एक लोखंडी दांडा वरखाली करत राहायचा. दिव्याचे लोक आडमुठे, असं गाडीत ऐकतो तेव्हा राग येतो. आम्हाला फाटक नकोच आहे.

---

गिरणगावकर

अवांतर: ऑफिसच्या वेळा बदला, हा उपाय दरवर्षी कुणीतरी सुचवतं. मध्य रेल्वेनं २०२३मध्ये स्वतःच्या कार्यालयात दोन पाळ्या लावून दाखवल्या आणि बाकी संस्थांनाही विनंती केली. फारसं कुणी ऐकलं नाही. एक रूळ न टाकता, एक घर न हलवता होण्यासारखी हीच गोष्ट होती. सरकारी कार्यालयांनी आणि बँकांनी तरी करावी.

---

नेहा अंबरनाथ

अवांतर कसलं, हे तर मुद्द्याचंच. फक्त उशिराच्या पाळीतल्या बायकांना रात्री नऊ-दहाला स्टेशनवरून घरी जायला बस हवी. ती नसेल तर उशिराची पाळी कुणी घेणार नाही.

---

शिल्पा डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. कामाची गोष्ट विचारते. आमच्या प्रवासी संघटनेची पुढच्या आठवड्यात खासदारांबरोबर बैठक आहे. दहा मागण्यांचं निवेदन दिलं की ते फाईलला लागतं, म्हणून यावेळी एकच मागणी, कामासकट आणि तारखेसकट, न्यायची ठरलंय. माझ्या मनात १५ डब्यांच्या गाड्या आहेत. मध्यवर दिवसाला त्यांच्या २२ फेऱ्या, आणि सुरुवात २०१२ची. पश्चिमेनं अंधेरी-विरार धीम्या मार्गावरही २०२१मध्ये सुरू केल्या. रूळ तेच, फेरी तीच, माणसं पाव पटीनं जास्त. तुमचं मत?

---

सिग्नलवाले काका

१५ डबे चांगली मागणी. पण फक्त "फलाट लांब करा" लिहू नका. गाडी रात्री उभी करायला तेवढ्या लांबीची मार्गिका आणि कारशेडमध्ये तेवढी लांब दुरुस्तीची जागा, या दोन्ही गोष्टी निवेदनात नावानिशी टाका. फलाट दिसतो म्हणून तो होतो आणि गाडी तरीही वाढत नाही.

---

अमित कळवा

१५ डब्यांना माझा पाठिंबा. त्या गाड्या साध्या असाव्यात आणि जादा असाव्यात, हे दोन शब्द घाला.

---

दिवेकर

एकच मागणी असेल तर दिव्याचा पूल. त्यानं १२ डब्यांची आणि १५ डब्यांची, दोन्ही गाड्या वेळेवर येतील. बैठक किती तारखेला आणि कुठे आहे ते कळवा, आमच्याकडून चार-पाच जण येतो. पोचरस्त्यातल्या घरांची यादी आमच्याकडे तयार आहे.

---

रुळालगतचा

दिवेकर, त्या घरातली दोन माणसंही बैठकीला बरोबर आणा. यादी त्यांच्या हातात असू द्या.